पक्षाघाताचे घड्याळ आणि भोपाळची वाट

मध्य प्रदेशातील बैतूल हे शहर भोपाळ आणि नागपूर यांच्या जवळजवळ मधोमध वसले आहे. दोन्ही शहरे तेथून साधारण १८० किलोमीटरवर. याच जिल्ह्यातील मुलताई भागात तापी उगम पावते आणि तेथील अनेक घरांत मराठी बोलली जाते. सोयरीक विदर्भाकडे आणि सरकारी कागद भोपाळकडे, असा या लोकांचा दुहेरी संसार आहे. समजा, अशा एखाद्या घरातील साठीच्या गृहस्थांचे सकाळी चहा घेताना तोंड वाकडे झाले, उजवा हात लुळा पडला, जीभ जड झाली. घरच्यांनी गाडी कोणत्या दिशेला वळवायची? भोपाळच्या वाटेवर सातपुड्याचे घाट आणि नर्मदा. रस्ता मोकळा मिळाला तरी साडेतीन-चार तास हवेत. नागपूरही काही हाकेच्या अंतरावर नाही. आणि मेंदूतील गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. वाहन मिळवणे, नातलगांना कळवणे, पैशांची जुळवाजुळव यांत पहिला तास सहज जातो. उरलेला वेळ रस्ता गिळतो.

पक्षाघाताचा उपचार गेल्या तीस वर्षांत पार बदलला. तो उपचार रुग्णाच्या उंबरठ्यापासून किती दूर आहे, या प्रश्नाचे उत्तर मात्र त्या मानाने फारसे बदललेले नाही. भोपाळसारख्या राजधानीत मोठी इस्पितळे आहेत, तज्ज्ञ आहेत, यंत्रे आहेत. तरीही शेजारच्या जिल्ह्यांतून निघालेला रुग्ण तेथे पोहोचतो तेव्हा बहुधा त्याच्या वाट्याला उपचारापेक्षा सांत्वन अधिक येते. गोव्यात अंतरे लहान आहेत म्हणून आपण निश्चिंत राहावे असे नाही, आणि त्याचे कारण पुढे येईलच. आधी हा आजार ओळखण्यातच आपण कोठे चुकतो ते पाहू.

मराठीत या आजाराला पक्षाघात म्हणतात, अर्धांगवायू म्हणतात, बोलताना कोणी ‘वारे गेले’ असेही म्हणते. मध्य प्रदेशात सरसकट ‘लकवा’ हा शब्द चालतो. मूळ अरबी आणि युनानी वैद्यकात हा शब्द चेहऱ्याच्या लुळेपणासाठी आहे, आणि गोंधळाला तेथूनच सुरुवात होते. चेहऱ्याच्या मज्जातंतूला सूज आली तरी तोंड वाकडे होते. तो आजार त्रासदायक असला तरी बहुतेकदा काही आठवड्यांत बरा होतो. अशा रुग्णाला त्या बाजूच्या कपाळावरही आठ्या घालता येत नाहीत. मेंदूच्या झटक्यात सहसा कपाळ शाबूत राहते आणि चेहऱ्याचा खालचा भाग ओघळतो, सोबत हात किंवा वाचा जाते. वरवर दिसणारी ही लहानशी खूण गावातील डॉक्टरलाही पाहता येते. पण दोन्हींना एकच ‘लकवा’ हे नाव असल्यामुळे, शेजारच्या कोणाचा तरी लकवा तेल चोळून बरा झाल्याची गोष्ट सांगितली जाते आणि इकडे मेंदूचा झटका आलेला माणूस घरीच पडून राहतो. ‘स्ट्रोक’ हा इंग्रजी शब्द रूढ झाला तरी गोंधळ संपलेला नाही; कोणी त्याला हृदयविकाराचा झटका समजतो, तर मे महिन्यात कोणी उष्माघात.

मध्य प्रदेशातील नीमच जिल्ह्यात भादवा मातेचे देवस्थान आहे. तेथील कुंडाच्या पाण्याने लकवा बरा होतो या श्रद्धेने दुरून रुग्ण आणले जातात, देवळाच्या आवारात मुक्काम करतात. श्रद्धेवर टीका करण्याचा येथे हेतू नाही. दीर्घ आजारात माणसाला आधार लागतो, आणि पक्षाघातानंतरचे पहिले काही महिने शरीर स्वतःहूनही बरेच सावरते. ज्याला देवस्थानी गुण आला त्याला तो खरोखरच आलेला असतो. प्रश्न पहिल्या काही तासांचा आहे. ते तास इस्पितळासाठी राखले गेले आणि देवदर्शन नंतर झाले, तर कोणाचेच काही बिघडत नाही.

पक्षाघाताचे दोन प्रकार आहेत. एकात रक्तवाहिनीत गुठळी अडकते आणि मेंदूच्या त्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो. दुसऱ्यात रक्तवाहिनी फुटून मेंदूत रक्तस्राव होतो. पहिल्या प्रकारचे रुग्ण साधारण ८० ते ८५ टक्के असतात. वरून पाहता दोन्ही सारखेच दिसतात. कितीही अनुभवी डॉक्टर असला तरी केवळ तपासून खात्रीने सांगू शकत नाही. उपचार मात्र एकमेकांच्या अगदी उलट. एकात रक्त पातळ करायचे, दुसऱ्यात रक्त थांबवायचे. हा पेच सोडवला सीटी स्कॅनने. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या विम्बल्डन भागातील एका इस्पितळात गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने पहिल्यांदा जिवंत माणसाच्या मेंदूचे छायाचित्र काढले आणि १९७९ मध्ये त्यांना ॲलन कॉरमॅक यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. रक्तस्राव या चित्रात पांढराशुभ्र दिसतो. गुठळीचा झटका मात्र पहिल्या काही तासांत बहुधा दिसतच नाही. म्हणजे रक्तस्राव नाही एवढेच ते चित्र सांगते, आणि उपचार सुरू करायला तेवढे पुरते. येथे एक जीवघेणी चूक होते. ‘सीटी नॉर्मल आहे’ हे शब्द ऐकून नातलग सुटकेचा निःश्वास टाकतात, क्वचित डॉक्टरही रुग्णाला घरी पाठवतात. हात लुळा असताना सीटी नॉर्मल असणे याचा अर्थ आजार नाही असा नसून, औषध देण्याची वेळ अजून गेलेली नाही, असा असू शकतो.

सीटीपूर्वी करायच्या गोष्टी फार नाहीत, पण त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. रक्तातील साखर तपासायची, कारण साखर फार उतरली तरी माणूस पक्षाघात झाल्यासारखा दिसतो आणि ग्लुकोज दिल्यावर उठून बसतो. रक्तदाब मोजायचा, पण घाईने खाली आणायचा नाही. झटक्यानंतर वाढलेला रक्तदाब पुष्कळदा मेंदूची धडपड असते, अडलेल्या भागापर्यंत कसेबसे रक्त पोहोचवण्याची. पूर्वी आणि काही ठिकाणी आजही, रक्तदाबाची कॅप्सूल फोडून जिभेखाली पिळण्याची पद्धत दिसते. दाब धाडकन कोसळतो आणि वाचू शकणारा मेंदूचा भागही जातो. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन द्यायचे असेल तर रक्तदाब १८५/११० च्या खाली असावा लागतो. ते द्यायचे नसेल तर २२०/१२० पर्यंत सहसा हात लावत नाहीत. रक्तस्राव असेल तर हिशेब पुन्हा वेगळा, तेथे वरचा दाब १४० च्या आसपास आणणे हिताचे. सीटीपूर्वी ॲस्पिरिन देऊ नये. तोंडाने पाणीही देऊ नये, कारण घसा लुळा असल्यास ते फुप्फुसात उतरते.

आणि या सर्वांआधी एक प्रश्न विचारायचा असतो. तो डॉक्टरपेक्षा घरच्यांसाठी अधिक आहे: रुग्णाला शेवटचे धडधाकट कोणी, किती वाजता पाहिले? झटका ‘किती वाजता लक्षात आला’ याला महत्त्व नाही. रात्री दहाला झोपलेला माणूस सकाळी सहाला लुळा आढळला, तर घड्याळ रात्री दहापासून चालू झाले असे धरावे लागते. अशा रुग्णांसाठी एमआरआयसारख्या तपासण्यांनी काही दारे उघडली आहेत, पण ती मोठ्या इस्पितळांची दारे आहेत. वेळ नीट सांगता न आल्यामुळे उपचार नाकारावा लागतो, हे तज्ज्ञांचे रोजचे दुःख आहे.

साडेचार तासांचा हा आकडा आला कोठून? डिसेंबर १९९५ मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अल्टेप्लेस हे औषध तीन तासांच्या आत दिल्यास तीन महिन्यांनी जवळजवळ पूर्ण बरे असण्याची शक्यता किमान ३० टक्क्यांनी वाढते, असे त्यात दिसले. किंमतही होती: औषध मिळालेल्यांपैकी ६.४ टक्के रुग्णांच्या मेंदूत घातक रक्तस्राव झाला. औषध न मिळालेल्यांत हे प्रमाण ०.६ टक्के होते. २००८ मध्ये युरोपीय चाचणीने ही मुदत साडेचार तासांपर्यंत वाढवली. २०१५ मध्ये जांघेतून नळी घालून मेंदूतील मोठ्या वाहिनीतली गुठळी ओढून काढण्याचा उपाय एकाच वर्षी पाच चाचण्यांत सिद्ध झाला. २०१८ पासून निवडक रुग्णांत तो २४ तासांपर्यंत करता येतो. शिवाय टेनेक्टेप्लेस हे नवे औषध आले. अल्टेप्लेस तासभर शिरेतून सोडत राहावे लागते, टेनेक्टेप्लेस एकाच टोचणीत संपते. पुण्याची जेनोव्हा ही कंपनी ते भारतातच तयार करते. लहान इस्पितळासाठी हा फरक मोठा आहे.

पण औषधाची मुदत साडेचार तास आहे म्हणून चौथ्या तासाला दिलेले औषध पहिल्या तासाइतकेच गुणकारी असते असे नाही. मोठी वाहिनी अडली असता दर मिनिटाला सुमारे १९ लाख मेंदूपेशी नष्ट होतात, असा एक हिशेब २००६ मध्ये मांडला गेला. बैतूलहून भोपाळपर्यंतच्या रस्त्याचे मोजमाप किलोमीटरऐवजी या परिमाणात करून पाहावे.

भोपाळमध्ये काय आहे? गांधी वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न हमीदिया इस्पितळ आहे. २०१२ पासून सुरू झालेले एम्स आहे. वायुपीडितांसाठी सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांतून उभे राहिलेले भोपाळ मेमोरियल इस्पितळ आहे, ज्यात मेंदूविकारांचे विभागही उभारण्यात आले. तेथील रिकाम्या पदांचा आणि निघून जाणाऱ्या तज्ज्ञांचा विषय मात्र न्यायालयासमोर वारंवार आला. ऑगस्ट २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या प्रकरणाची देखरेख जबलपूरच्या उच्च न्यायालयाकडे सोपवली. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री जे पंचविशीत होते ते आता पासष्टीपलीकडे गेले आहेत, म्हणजे पक्षाघाताच्या ऐन वयात आले आहेत. त्या रात्री हमीदियात लोंढ्यांनी रुग्ण येत होते आणि डॉक्टरांना हवेत नेमके कोणते विष आहे हेही सांगितले गेले नव्हते. डोळे धुवा, श्वास चालू ठेवा, एवढेच करता येत होते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने पीडितांवर सुरू केलेला दीर्घ अभ्यास १९९४ मध्ये थांबवण्यात आला. माहितीवाचून केलेला उपचार कसा असतो, हे या शहराइतके फार थोड्यांना ठाऊक असेल.

२०२४ मध्ये मध्य प्रदेश सरकारने ‘पीएम श्री’ हवाई रुग्णवाहिका सेवा सुरू केली. आयुष्मान कार्डधारकांना ती विनामूल्य आहे. गंभीर अपघात, भाजलेले रुग्ण, अवयव वाहून नेणे यांत ती जीव वाचवते, यात शंका नाही. पक्षाघाताच्या बाबतीत मात्र माझा उत्साह बेताचा आहे. आधी रुग्ण जिल्हा इस्पितळात पोहोचायचा, मग तेथून आरोग्य अधिकाऱ्यांची शिफारस, जिल्हाधिकाऱ्यांची संमती, मग उड्डाण. रात्रीचा प्रश्न आहेच. जे इंजेक्शन जिल्हा इस्पितळातच दहा सेकंदांत देता आले असते, त्यासाठी रुग्णाला आकाशमार्गे नेणे हा उफराटा हिशेब झाला. मध्य प्रदेशातील जिल्हा इस्पितळांत खासगी भागीदारीतून सीटी स्कॅन यंत्रे बसवण्यात आली आहेत. विदिशासारख्या शहरात २०१८ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. म्हणजे चित्र काढण्याची सोय आता भोपाळच्या अलीकडे सरकली आहे. ते चित्र वाचून ‘इंजेक्शन द्या’ असे सांगणारा माणूस मात्र तेथे नाही, आणि सांगणारा फोनवर मिळाला तरी त्याच्या भरवशावर सुई टोचण्याचे धैर्य देणारी लेखी पद्धत सर्वत्र नाही. सहा टक्क्यांच्या रक्तस्रावाची भीती एकट्या डॉक्टरने एकट्याने पेलायची असेल तर तो रुग्णाला पुढे पाठवणारच. त्याला दोष देता येत नाही.

हिमाचल प्रदेशाने २०१४ च्या सुमारास या अडचणीवर साधा मार्ग काढला. त्या डोंगराळ राज्यात मेंदूविकारतज्ज्ञ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. सीटी यंत्र असलेली जिल्हा पातळीवरची इस्पितळे निवडली, तेथील साध्या फिजिशियनांना शिकवले, औषध सरकारने मोफत ठेवले आणि मोबाइलवर चित्र पाहून तज्ज्ञांनी सल्ला द्यायचा असे ठरवले. आसाममध्ये आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने दिब्रुगड आणि तेजपूर परिसरात उलटा प्रयोग केला: सीटी यंत्रच गाडीत बसवून रुग्णाच्या दिशेने धाडले. अशी गाडी जगात प्रथम २००८ मध्ये जर्मनीतील होम्बुर्ग येथे धावली होती. ती महाग आहे आणि सर्वत्र परवडणार नाही. मोबाइल आणि शिकलेला फिजिशियन परवडतो. मध्य प्रदेशाच्या आकाराच्या राज्याला हिमाचलचा मार्ग अधिक जवळचा वाटतो. एकटा बैतूल जिल्हाच १०,००० चौरस किलोमीटरहून थोडा मोठा आहे, म्हणजे आपल्या गोव्याच्या अडीच पटीहून अधिक.

इंजेक्शनाबद्दल एवढे बोलल्यावर एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. बहुसंख्य रुग्णांना ते कधीच मिळणार नाही. कोणी उशिरा येईल, कोणाला रक्तस्राव असेल. त्यांच्यासाठी काहीच नाही, ही समजूत चुकीची आहे. पक्षाघाताच्या रुग्णांसाठी वेगळा कक्ष, त्यात शिकलेल्या परिचारिका, गिळता येते का याची पहिल्याच दिवशी चाचणी, ताप आणि साखरेवर लक्ष, दर दोन तासांनी कूस बदलणे, लवकर सुरू झालेला व्यायाम, एवढ्यानेच मृत्यू आणि परावलंबित्व कमी होते, हे अनेक चाचण्यांतून दिसले आहे. याला महाग यंत्र लागत नाही, माणसे लागतात. गुठळीच्या झटक्यात पहिल्या ४८ तासांत ॲस्पिरिन सुरू केल्याचा लाभ १९९७ च्या दोन प्रचंड चाचण्यांत सिद्ध झाला. याउलट ‘मेंदूला ताकद देणारी’ म्हणून महागडी सलाइन आणि इंजेक्शने नातलगांच्या खिशातून जात असतात. त्यांतील सिटिकोलिनची २०१२ मध्ये मोठी चाचणी झाली. फायदा दिसला नाही. तरी चिठ्ठीवर ते असतेच, आणि मुलाने उधारी करून ते आणलेले असते. दुसरीकडे रक्तदाबाची साधी गोळी महिनाभर घेऊन ‘आता बरे वाटते’ म्हणून बंद केली जाते. पुढचा झटका बहुधा त्या बंद केलेल्या गोळीतून येतो.

आता गोव्याकडे. पेडण्यापासून काणकोणपर्यंत कोठूनही बांबोळीला पोहोचायला बैतूलचा वेळ लागत नाही. शिवाय २०१८ मध्ये सुरू झालेल्या स्टेमी प्रकल्पाने हृदयविकाराच्या झटक्यात परिघावरील केंद्रे गोमेकॉशी जोडली; आलेख काढायचा, तो तज्ज्ञाकडे पाठवायचा, तेथेच इंजेक्शन द्यायचे आणि मग रुग्ण हलवायचा, ही रीत आपल्याला परिचित झाली आहे. त्याच धर्तीवर पक्षाघाताचे काम व्हावे, हा विचार योग्यच. पण एक फरक विसरता येणार नाही. हृदयाचा आलेख वाळपईच्या आरोग्य केंद्रातही काढता येतो, मेंदूचे चित्र तेथे काढता येत नाही. म्हणून हृदयाच्या रुग्णाला जवळचे केंद्र उपकारक ठरते, तर पक्षाघाताच्या रुग्णाचा तोच थांबा वेळ खातो. १०८ मधील कर्मचाऱ्याने तोंड, हात, वाणी तपासून घरातूनच ठरवले पाहिजे की ही गाडी वाटेत कोठेही न थांबता जेथे रात्रीही सीटी चालू आहे तेथेच जाईल, आणि निघतानाच तेथे फोन केला पाहिजे, म्हणजे रुग्ण आधी नोंदणीच्या खिडकीपाशी न जाता थेट यंत्रापाशी जाईल. रविवारच्या पहाटे हे कितपत घडते, हे आरोग्य खात्याने आकड्यांसह सांगावे. दारातून आत आल्यापासून सुई टोचेपर्यंत किती मिनिटे लागली, ही नोंद जगभर ठेवली जाते. साठ मिनिटांच्या आत ती यावी, अशी अपेक्षा असते. गोमेकॉ आणि दोन्ही जिल्हा इस्पितळांची ही सरासरी दर तिमाहीला जाहीर करायला वेगळा खर्च लागणार नाही.

आणि बैतूलचा तो दोन राजधान्यांमधला पेच आपल्याही दारात आहे. दोडामार्ग, सावंतवाडी, बांदा येथील रुग्णाला ओरोसपेक्षा किंवा कोल्हापूरपेक्षा बांबोळीच सोयीची. जानेवारी २०१८ पासून गोव्याने परराज्यातील रुग्णांना शुल्क लावले तेव्हा सिंधुदुर्गात आंदोलन झाले होते आणि पुढे महाराष्ट्राच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेचा आधार त्या रुग्णांना मिळू लागला. योजनेची कागदपत्रे सीटी झाल्यावर, इंजेक्शन दिल्यावरही पाहता येतात. पत्रादेवीच्या नाक्यावर एका राज्याच्या रुग्णवाहिकेतून दुसऱ्या राज्याच्या रुग्णवाहिकेत रुग्ण हलवायचा की तीच गाडी पुढे जाऊ द्यायची, हे मात्र त्या रात्री नव्हे, आजच दोन्ही सरकारांनी लिहून ठेवायला हवे.